खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची रात्र

खांद्यावर शस्त्रक्रिया करवून घेऊन माणूस घरी परतला, की समाचाराला येणारे आप्तेष्ट दोन प्रश्न हटकून विचारतात. टाके किती पडले, हा पहिला. आणि हात वर केव्हा जाऊ लागेल, हा दुसरा. रुग्णाच्या मनात मात्र एक तिसराच प्रश्न घोळत असतो. दिवस मावळू लागला, की तो अधिकच छळू लागतो. परंतु एवढ्या मोठ्या दिव्यातून पार पडल्यावर असल्या लहानशा गोष्टीची तक्रार काय करावयाची, अशा संकोचाने तो सहसा बोलून दाखविला जात नाही. तो प्रश्न असा: आज रात्री निजावयाचे कसे?

ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. झोपेवाचून गेलेल्या चार रात्री भल्या माणसालाही हळवा, चिडखोर आणि निराश करून सोडतात. वेदना आहे तेवढीच असली, तरी थकलेल्या शरीराला ती अधिक वाटते. आणि अधिक वाटणारी वेदना झोपेला पुन्हा दूर लोटते. या चक्रात सापडलेला रुग्ण एखाद्या पहाटे वैतागून गळ्यातील झोळी काढून टाकतो, जुन्या सवयीने कुशीवर वळतो आणि शल्यचिकित्सकाने परिश्रमपूर्वक शिवलेल्या भागावर नको तो ताण आणतो. म्हणून या वेळी वाचकांपुढे हाच विषय मांडीत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे, की या काळातील झोप रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर शोधू लागल्यास सापडत नाही. तिची तयारी दिवसाउजेडी, किंबहुना शस्त्रक्रियेपूर्वीच, करून ठेवावी लागते. आणि त्या तयारीला साऱ्या घराचा हातभार लागतो.

खांद्याच्या शस्त्रक्रिया अनेक प्रकारच्या असतात. येथे आम्ही मुख्यतः 'रोटेटर कफ' शिवण्याची शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे ठेवली आहे. इंग्रजीतून आलेल्या या नावातील कफ म्हणजे सदऱ्याच्या बाहीची मनगटाभोवतीची पट्टी. छातीत साठणाऱ्या कफाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्याने आधीच सांगून टाकलेले बरे. मांडीच्या सांध्यात हाडाचा गोल माथा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात मात्र दंडाच्या हाडाचा गोल माथा पाठीच्या फऱ्यावरील बशीसारख्या उथळ खोबणीला टेकलेला असतो. त्यामुळेच आपला हात चहूकडे फिरतो. हा मोकळा सांधा जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. बाहीच्या पट्टीप्रमाणे त्या हाडाच्या माथ्याला वेढून असतात. वयोमानाने, अपघाताने किंवा वर्षानुवर्षांच्या कष्टाने एखादी कंडरा हाडापासून तुटते, आणि ती पुन्हा हाडाशी शिवून जोडावी लागते.

बॉस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट ॲमरी कॉडमन यांनी १९०९ मध्ये अशी तुटलेली कंडरा शिवली होती. खांद्यावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'गोठलेला खांदा' हे आज सर्वतोमुखी झालेले नाव त्यांनीच दिलेले. त्या विकाराची लक्षणे सांगताना, रुग्णाला दुखऱ्या कुशीवर झोपता येत नाही, ही गोष्ट त्यांनी आवर्जून नोंदविली आहे. खांद्याचे दुखणे आणि रात्रीचे जागरण यांची ही जोडी, तेव्हा, जुनीच आहे. रुग्णाने ती स्वतःच्या मनाचा दुबळेपणा समजू नये.

रात्रीच दुखणे का वाढते? दिवसा आपण बसलेले किंवा उभे असतो. हात शरीराच्या पुढे, झोळीच्या आधाराने स्थिर असतो आणि मनही दहा गोष्टींत गुंतलेले असते. सपाट अंथरुणावर उताणे पडताच चित्र पालटते. पाठीखाली गादी असते. दंडाखाली मात्र पोकळी राहते. आपल्याच भाराने कोपर मागे, अंथरुणाकडे कलते, दंडाच्या हाडाचा माथा पुढे ढकलला जातो आणि खांद्याच्या पुढच्या बाजूवर व शिवलेल्या भागावर ताण येतो. पुष्कळदा ही वेदना खांद्याच्या माथ्यावर न जाणवता दंडाच्या बाहेरच्या बाजूस जाणवते, त्यामुळे रुग्ण भलतीच जागा चोळीत बसतो.

यावरून सोयीचा एक नियम निघतो, आणि तो घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. बसलेले असताना असो वा निजलेले असताना, नजर खाली वळविल्याबरोबर रुग्णाला आपले कोपर दिसले पाहिजे. कोपर दिसत नसेल, तर ते शरीराच्या मागे गेले आहे असे समजावे आणि त्याखाली आधार द्यावा.

आता अंथरुणाकडे वळू. आपल्याकडे अनेक घरांत जमिनीवर गादी घालून निजण्याची चाल आहे. एरवी ती उत्तमच. परंतु जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, आणि टेकावयाला एकच हात शिल्लक असताना तोल जाण्याचे भय असते. म्हणून निदान सहा आठवडे खाट किंवा पलंग वापरावा. पाठ सुमारे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर टेकेल अशी व्यवस्था करावी. नुसत्या दोन उशा डोक्याखाली घेतल्याने हे साधत नाही. मान तेवढी पुढे वाकते आणि सकाळी तीही दुखू लागते. उतार कमरेपासून सुरू झाला पाहिजे. एक जाड गादी दुमडून किंवा लोड भिंतीला लावून पाठीमागे आधार करावा, त्यावर उशा रचाव्यात आणि सर्वांवर एक चादर घट्ट खोचावी, म्हणजे रात्री ढिगारा ढासळत नाही. झोपेत शरीर खाली घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली एक उशी द्यावी. शेवटी, शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत हात विसावेल अशी एक मऊ उशी ठेवावी आणि दंडाखालील पोकळी टॉवेलाच्या घडीने भरून काढावी. या घडीची जाडी कमीजास्त करून पाहावी. खांदा वर उचललाही जात नाही आणि मागे पडतही नाही, अशी जाडी सापडली की रुग्णाच्या चेहऱ्यावरूनच ते समजते.

आरामखुर्चीचा उपयोग होतो काय, असे कोणी विचारील. पाठ मागे कलणारी भक्कम खुर्ची असेल, तर पहिल्या काही रात्री पुष्कळांना ती अंथरुणाहून सुखाची वाटते. मात्र कापड ताणून केलेली जुन्या घडणीची आरामखुर्ची या कामी तितकीशी चांगली नाही. तिचे कापड मध्ये झोळासारखे खाली जाते, दोन्ही खांदे पुढे आवळले जातात आणि एका हाताच्या बळावर तीतून उठणे कठीण होते. तीच वापरावयाची झाली, तर कापडावर पातळ गादी घालावी आणि उठविण्यास माणूस जवळ असावे.

ही सर्व मांडणी शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात करून पाहावी आणि दोन-तीन रात्री रुग्णाने तीवर निजण्याचा सराव करावा. आयुष्यभर कुशीवर किंवा पोटावर झोपलेल्या माणसाला अर्धवट बसून झोपणे एका रात्रीत साधत नाही. खाटेची जागाही तेव्हाच ठरवावी. निरोगी हाताची बाजू खोलीकडे मोकळी असावी, म्हणजे उठताना पाय त्या बाजूला खाली सोडून त्याच हाताने रेटा देता येतो. पाणी, औषध, दिव्याचे बटण आणि हाक मारण्यासाठी एखादी लहान घंटी निरोगी हाताच्या टप्प्यात ठेवावी. बाटलीचे घट्ट झाकण आणि गोळ्यांचे वेष्टन या दोन वस्तू एका हाताला हार जात नाहीत, हे लक्षात घेऊन रात्रीची मात्रा आधीच वाटीत काढून ठेवावी. घरात लहान मुले असल्यास ती वाटी त्यांच्या हाती लागणार नाही अशी काळजी घ्यावी.

पहिल्या रात्रीविषयी विशेष सूचना करणे जरूर आहे. अलीकडे या शस्त्रक्रियेच्या वेळी मानेजवळ इंजेक्शन देऊन हाताचे मज्जातंतू बधिर करतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर कित्येक तास, बहुधा ८ ते २४ तास, हात जणू आपला नव्हेच असे वाटते आणि वेदना मुळीच नसते. एवढेच ना दुखणे, असे म्हणून रुग्ण गोळी टाळतो. पुढे मध्यरात्रीच्या सुमारास बधिरता उतरते आणि साचलेली सगळी वेदना एकदम अंगावर येते. म्हणून चिकित्सकाने सांगितलेली वेदनाशामक गोळी बधिरता पूर्ण उतरण्यापूर्वीच, सांगितलेल्या वेळी घ्यावी. बधिर हाताला गरम-थंड किंवा दाब यांची जाणीव नसते. त्यामुळे तो उशीखाली चेपत नाही ना, हे घरच्या माणसाने पाहावे. या इंजेक्शनानंतर काही काळ आवाज घोगरा होणे, त्या बाजूची पापणी जड होणे किंवा श्वास किंचित अपुरा वाटणे संभवते. अर्धवट बसून राहिल्याने श्वासाला आराम पडतो. परंतु धाप वाढत चालली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा.

पुढील काही दिवस गोळ्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे घेणे हिताचे असते. दुखणे असह्य झाल्यावर घेतलेली गोळी उशिरा आणि अपुरी उपयोगी पडते. रात्रीची मात्रा निजण्यापूर्वी अर्धा ते एक तास बसेल, अशा रीतीने दिवसाच्या वेळा चिकित्सकाच्या संमतीने जुळवून घ्याव्यात. वेदना मुकाट्याने सोसण्यात आपल्याकडे एक प्रकारचा पुरुषार्थ मानला जातो. येथे तो कामाचा नाही. मात्र गोळ्यांच्या बाबतीत सावधगिरीही तितकीच हवी. पॅरासिटामॉल हे औषध धडधाकट प्रौढ माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये; यकृताचा विकार असलेल्या, मद्यपान करणाऱ्या किंवा फार किरकोळ वजनाच्या माणसाची मर्यादा याहूनही कमी असते. सर्दी-तापाच्या आणि अंगदुखीच्या अनेक तयार गोळ्यांत हेच औषध मिसळलेले असते, म्हणून दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या एकत्र घेण्यापूर्वी वेष्टनावरील मजकूर वाचावा. तीव्र वेदनाशामके गुंगी आणतात आणि मलावरोधही करतात. त्यांच्या जोडीला मद्य किंवा मनाने घेतलेली झोपेची गोळी कदापि घेऊ नये, कारण त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका असतो. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसाने ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच चिकित्सकाला सांगून ठेवावी.

बर्फाचा शेकही निजण्यापूर्वी सुखकारक ठरतो. बर्फ पिशवीत घालून, पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटे खांद्यावर ठेवावी. जखमेची पट्टी ओली होऊ देऊ नये, बर्फ उघड्या त्वचेला लावू नये आणि बधिरता शिल्लक असेतो हा उपाय करू नये.

आता झोळीविषयी. रुग्णालयात जिला स्लिंग म्हणतात, ती ही. शल्यचिकित्सक साधारणतः चार ते सहा आठवडे ती वापरावयास सांगतात आणि बहुतेक वेळा रात्रीही. रुग्णाच्या मते रात्रीच तिचा जाच सर्वांत अधिक होतो. वस्तुतः जागेपणी आपण हात सांभाळतो. झोपेत तो सांभाळणारे झोळीखेरीज कोणी नसते. म्हणून ती काढून टाकण्याऐवजी तिचा जाच कमी करावा. मानेवर रुतणाऱ्या पट्ट्याखाली मऊ सुती कापडाची घडी ठेवावी. नागपूरचा वैशाख असो की कोलकात्याचा दमट श्रावण, काखेत घाम साचून त्वचा सोलवटते. तेव्हा मलमलीची स्वच्छ घडी काखेत ठेवावी आणि ती दिवसातून दोन-तीनदा बदलावी. चिकित्सकाची अनुमती मिळाल्यावर, किंचित पुढे वाकून हात सैल सोडला म्हणजे काख पुसून कोरडी करता येते. रात्रीचा कपडा पुढून उघडणारा आणि सैल असावा. तो घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा; काढताना तो सर्वांत शेवटी काढावा.

रात्रीची झोप बरीचशी दिवसाच्या वागण्यावर अवलंबून असते. पहिले तीन-चार दिवस झोप येईल तेव्हा घ्यावी. पुढे मात्र दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी, सकाळी उन्हात थोडे चालावे आणि दुपारी चारनंतर चहा-कॉफी वर्ज्य करावी. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे. दिवसभर पाणी भरपूर प्यावे. निजण्यापूर्वीच्या दोन तासांत मात्र बेताने प्यावे, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. बोटे, मनगट आणि कोपर यांच्या सांगितलेल्या हालचाली दिवसा नियमाने कराव्यात. पुढे वाकून हात लंबकासारखा हलविण्याचा व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो; पण तोही चिकित्सकाने सांगितल्यावरच सुरू करावा. व्यायामानंतर खांदा काही काळ ठणकतो, म्हणून तो सायंकाळी उशिरा करू नये. इतके करूनही रात्री दोन वाजता जाग आली आणि वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर घड्याळाकडे पाहत तळमळण्यापेक्षा उठून खुर्चीत बसावे, उशीची घडी सारखी करावी, मंद दिव्यात काही वाचावे आणि डोळे जड झाल्यावर परत निजावे. हातातील मोबाइलचा प्रकाश अशा वेळी झोपेचा वैरी ठरतो.

घरातील मंडळींसाठीही दोन शब्द. लहान मुलांना काही आठवडे रुग्णाशेजारी निजवू नये. झोपेतला त्यांचा एक हात किंवा पाय खांद्यावर पडणे पुरेसे असते. पती-पत्नींनीही शेजारी दुसरी खाट घालून घ्यावी. रुग्णाला उठविताना दुखऱ्या हाताला धरून ओढू नये. निरोगी बाजूला उभे राहून पाठीमागून आधार द्यावा. शुश्रूषा करणारे माणूस स्वतः जागून आजारी पडणार नाही, अशा पाळ्या घरात लावाव्यात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दहा-चौदा दिवसांत टाके निघतात, वरची त्वचा सांधते आणि घरातील सर्वांना वाटते, झाले, आता बरे झाले. शस्त्रक्रिया घरातील स्त्रीची असेल, तर पोळपाट-लाटणे आणि पाण्याची बादली त्याच दिवसापासून तिची वाट पाहू लागतात. रात्री तिने खांदा दुखतो म्हटले, तर अजून कसे दुखते, असा आश्चर्याचा सूर निघतो. वाचकहो, त्वचेचे आणि कंडरेचे वेळापत्रक निराळे आहे. शिवलेली कंडरा हाडाला पक्की धरण्यास सुमारे १२ आठवडे लागतात, आणि बळ परत येण्यास सहा महिने ते एक वर्ष. दिवसा तिने उचललेली प्रत्येक बादली रात्री तिची झोप मोडते, आणि वाईटात वाईट म्हणजे शिवण उसवूही शकते. तिला रात्री झोप लागावी असे वाटत असेल, तर तिची दिवसाची कामे इतरांनी वाटून घेतली पाहिजेत. याला दुसरा उपाय नाही.

काही लक्षणे दिसल्यास मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये. ताप येणे, जखमेतून पू किंवा वाढता स्राव येणे, गोळ्यांना न जुमानता वेदना वाढत जाणे, बोटे थंड किंवा निळसर पडणे, सांगितलेली मुदत उलटूनही बधिरता राहणे, पोटरी किंवा हात एकाएकी सुजणे, पडून खांद्याला मार लागणे, यांपैकी काहीही घडल्यास चिकित्सकाला लगेच कळवावे. छातीत दुखू लागले किंवा श्वास कोंडू लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. येथे दिलेल्या सूचना सर्वसाधारण आहेत. ज्यांचा सांधाच बदलला आहे किंवा ज्यांच्या दंडाच्या स्नायूचीही डागडुजी झाली आहे, त्यांचे नियम थोडे वेगळे असतात. अशा वेळी शल्यचिकित्सकाचा शब्द प्रमाण मानावा. सपाट निजण्यास आणि निरोगी कुशीवर, छातीपुढे उशी घेऊन, वळण्यास केव्हा हरकत नाही, हे त्यांनाच विचारावे. शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर निजण्याचा दिवस त्याहूनही पुढचा असतो.

पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण जातात. त्यानंतर सुधारणा इतकी सावकाश होते, की ती रुग्णाच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणून एका वहीत रोज सकाळी एवढेच टिपून ठेवावे: रात्री किती वेळा जाग आली, आणि उशा कशा लावल्या होत्या. महिन्याने मागची पाने चाळली, म्हणजे पाच वेळांच्या तीन आणि तीनांची एक झाल्याचे दिसते. पुढच्या भेटीच्या वेळी ही वही चिकित्सकाला अवश्य दाखवावी. "झोप लागत नाही" या तीन शब्दांपेक्षा तिच्यातून त्यांना पुष्कळ अधिक कळेल.